आतडी पुन्हा चिकटू नयेत म्हणून: तीन जुन्या शस्त्रक्रियांनंतरचे एक प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातले आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पोटात थोडेफार चिकटलेले असते, पण त्याबद्दल त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांच्या, शेतकरी कुटुंबातल्या. वॉर्डात सगळे त्यांना ताई म्हणत, इथेही तेच म्हणू. पोटावर तीन व्रण होते. पहिला बेंबीच्या शेजारून खाली गेलेला, उभा आणि रुंद. त्या १९ वर्षांच्या असताना अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता आणि रात्रीच पोट उघडावे लागले होते. दुसरा ओटीपोटावर, जेमतेम बोटभर लांबीचा. तो दुसऱ्या मुलानंतर शिबिरात झालेल्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा. तिसरा त्याच्याही खाली, आडवा. ३८व्या वर्षी गर्भपिशवी काढली, त्याचा.

पिशवी का काढली, असे विचारल्यावर ताई म्हणाल्या, "अंगावरून लई जायचं. म्हणले, ठिवली तर कॅन्सर हुईल." सोनोग्राफीचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड यांतले काहीच हाती नव्हते. पहिल्या दोन शस्त्रक्रियांचेही कागद नव्हते. आत काय झाले होते हे सांगणारी एकच गोष्ट आमच्यासमोर होती, ती म्हणजे पोटावरच्या खुणा.

पिशवी काढल्यानंतर तीनेक वर्षांनी पोटात कळा सुरू झाल्या. जेवणानंतर तासाभरात पोट तटायचे, गुरगुर व्हायची, कळ येऊन ओसरायची. गावातल्या डॉक्टरांकडे ॲसिडिटीच्या गोळ्या मिळायच्या आणि एक-दोन दिवसांत बरे वाटायचे. असे वर्षातून चार-पाच वेळा होई. कुणी जंताचे औषध दिले, कुणी पोट चोळून दिले.

आत नेमके काय होते

पोटाच्या पोकळीला आणि आतड्यांना बाहेरून एक गुळगुळीत अस्तर असते. त्याचा सगळ्यात वरचा थर एका पेशीइतका पातळ. या अस्तरामुळे आणि त्यातल्या थोड्याशा द्रवामुळे कित्येक फूट लांबीचे आतडे एकमेकांवरून सहज सरकत राहते. शस्त्रक्रियेत हे अस्तर खरचटते, सुकते, जळते किंवा टाक्यात आवळले जाते. पू झाला तर सुजते. अशा उघड्या पडलेल्या जागी काही तासांतच फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ साचतो, आणि समोरासमोरच्या दोन खरचटलेल्या जागा ओल्या पापडांसारख्या एकमेकींना लागतात.

इथपर्यंत घाबरण्यासारखे काही नाही. हे फायब्रिन विरघळवण्याची सोय शरीरातच असते आणि सगळे नीट चालले तर तीन-चार दिवसांत ते निघून जाते. खाली नवे अस्तर साधारण आठवडाभरात तयार होते. जखम लहान असो वा मोठी, वेळ तेवढाच लागतो, कारण अस्तर फक्त कडांकडून सरकत येत नाही, तर सगळ्या पृष्ठभागावर एकदमच उगवते. गडबड होते ती रक्तपुरवठा तुटलेल्या किंवा सुजलेल्या जागी. तिथे फायब्रिन विरघळवणारी यंत्रणा मंदावते, त्या जाळ्यात तंतू तयार करणाऱ्या पेशी शिरतात आणि पाहता पाहता पक्की, रक्तवाहिन्या असलेली दोरी तयार होते.

ब्रिटिश शल्यचिकित्सक हॅरोल्ड एलिस यांनी १९६२ मध्येच यावर बोट ठेवले होते. अस्तराला पडलेले भोक तसेच ठेवले तर ते बहुधा गुळगुळीत भरून येते. ओढून-ताणून शिवले तर रक्त तुटते आणि तिथेच चिकटते. पुढे १९९९ मध्ये एलिस आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या, १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना चिकटण्याशी थेट संबंधित, किंवा संबंधित असू शकेल अशा कारणासाठी, किंवा चिकटण्यामुळे अवघड होऊ शकेल अशा शस्त्रक्रियेसाठी, सरासरी दोनदा पुन्हा भरती व्हावे लागले होते. नक्की चिकटण्यामुळेच झालेल्या भरती अशा सगळ्या पुन्हा झालेल्या भरतींच्या ५.७ टक्के होत्या. म्हणजे चिकटते जवळजवळ सगळ्यांचे, अडते थोड्यांचे. पण ज्यांचे अडते त्यांचे हाल होतात.

पहिली भरती

जानेवारीचा महिना, हुरड्याचे दिवस. ताईंनी भावाच्या शेतात पोटभर हुरडा खाल्ला. रात्री कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी नेहमीचा उपाय म्हणून एरंडेल पाजले. सकाळी उलट्या लागल्या, दुपारी पुन्हा एक जुलाबाची गोळी झाली. रुग्णालयात पोचेपर्यंत दीड दिवस उलटला होता. "डॉक्टर, पोट दगडावानी झालंय. वारं बी सरंना," हे त्यांचे पहिले वाक्य. पोट दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून 'वारा सरत नाही' हे शब्द आले की शस्त्रक्रियेच्या डॉक्टरचे कान टवकारतात. परसाकडे झाले नाही याच्यापेक्षा वारा सरला नाही याला जास्त महत्त्व असते.

नाडी १०४, जीभ कोरडी. पोट फुगलेले, पण दाबल्यावर कडक नव्हते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हवा आणि पाणी यांच्या आडव्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. नाकातून नळी घातल्याबरोबर लिटरभर हिरवट पाणी आले आणि त्यात अख्खे, न पचलेले ज्वारीचे कोवळे दाणे होते. रक्तातले पोटॅशियम ३.० पर्यंत उतरले होते.

सीटी स्कॅनमध्ये लहान आतडे फुगून आले होते आणि जुन्या उभ्या व्रणाच्या खालच्या टोकाशी एका ठिकाणी एकदम बारीक झाले होते. आतड्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा व्यवस्थित होता. पोटात मोकळे पाणी नव्हते. आपल्याकडे अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो म्हणजे पोटाचा क्षयरोग. त्यानेही आतडे आक्रसते आणि चित्र फसवे दिसते. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी जाडी नव्हती, गाठी नव्हत्या, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. तीन व्रण समोर असताना निदान चिकटण्याकडेच झुकत होते.

निर्णयाचा पहिला टप्पा: थांबायचे की उघडायचे

ताईंचा मोठा मुलगा पुण्यात नोकरीला. तो रात्रीच गाडी काढून आला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. "आतडं अडकलंय हे दिसतंय ना डॉक्टर, मग आजच सोडवा." त्याची घाई समजण्यासारखी होती. पण आतडे पिळवटून त्याचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण नसेल, तर अशा अडथळ्यात आधी थांबणे हाच जगभरचा मान्य मार्ग आहे. नळीने पोट रिकामे ठेवायचे, सलाइनने पाणी आणि क्षार भरून काढायचे आणि नजर ठेवायची. इटलीत बोलोन्या इथे तयार झालेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण ७२ तासांपर्यंत असे थांबणे सुरक्षित मानले जाते. सतत दुखू लागणे, ताप, नाडी चढणे, पोट कडक होणे, यांतले काही दिसले की मात्र थांबायचे नाही.

नुसते थांबण्याऐवजी आम्ही पाण्यात विरघळणाऱ्या कॉन्ट्रास्टची, म्हणजे एक्स-रेत पांढऱ्या दिसणाऱ्या द्रव्याची, परीक्षा घेतली. आधी नळीने पोट पूर्ण रिकामे केले, सलाइनने शरीरातले पाणी भरून काढले, मग नळीतून १०० मिली कॉन्ट्रास्ट सोडून नळी काही वेळ बंद ठेवली. हा क्रम पाळावा लागतो. पोट भरलेले असताना दिले तर उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय हे द्रव्य आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे आधीच सुकलेल्या रुग्णाला ते झेपत नाही. २४ तासांच्या आत कॉन्ट्रास्ट मोठ्या आतड्यात उतरलेले एक्स-रेत दिसले, तर अडथळा बहुधा आपोआप सुटतो. नाही दिसले, तर बहुधा शस्त्रक्रिया लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एक्स-रेत मोठ्या आतड्यात पांढरी रेघ स्पष्ट दिसली. त्याआधीच पहाटे सिस्टर धावत सांगायला आल्या होत्या, "ताईंचा वारा सरला!" चौथ्या दिवशी त्या पेज आणि मऊ भात खाऊन घरी गेल्या.

एरंडेलाबद्दल सासूबाईंशी वेगळे बसून बोललो. बद्धकोष्ठ आणि अडथळा यांत फरक आहे. वाट मोकळी असेल तर जुलाब वाट साफ करतो. वाटच बंद असेल तर आतडे त्या बंद दारावर अधिक जोराने आदळते, उलट्या वाढतात आणि पोटॅशियम आणखी उतरते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मला कसं कळायचं, कुठलं हाय ते?" प्रश्न अगदी रास्त होता. पोटावर जुने टाके आहेत, कळा येत आहेत, उलटी होते आहे आणि वारा सरत नाही, एवढे जुळले की काहीही पाजायचे नाही आणि सरळ रुग्णालयात यायचे, असे ठरले. पुढे याच ठरावाचा उपयोग झाला.

मधले दहा महिने: 'एकदाच काय ते सोडवून टाका'

आठवड्यानंतर तपासणीला आल्यावर मुलाने पुन्हा विषय काढला. दुर्बिणीतून सगळे चिकटलेले सोडवून का टाकत नाही? पैशांची तयारी होती, सुट्टीही काढता आली असती.

या प्रश्नावर मी बराच वेळ दिला, कारण इथेच खूप रुग्ण फसतात. सोडवण्याची शस्त्रक्रिया हीसुद्धा शस्त्रक्रियाच असते. प्रत्येक ठिकाणी सोडवलेल्या दोन उघड्या जागा मागे राहतात आणि त्या पुन्हा चिकटायला मोकळ्या असतात. सोडवताना आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो तो वेगळाच. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, जुनाट पोटदुखी आणि चिकटलेली आतडी असलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांची चिकटलेली आतडी दुर्बिणीतून सोडवली आणि निम्म्यांच्या पोटात फक्त दुर्बीण घालून पाहिले. कुणाचे काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षभराने दोन्ही गटांत दुखणे सारखेच कमी झालेले आढळले. नुसत्या दुखण्यासाठी सोडवण्याची घाई करू नये, हे माझे मत त्यावरच उभे आहे.

तेव्हा ठरले ते असे. वाट पाहायची. एका वेळी पोट भरून न जेवता थोडे थोडे खायचे, नीट चावायचे. हुरडा, बोरे, चिंच, संत्र्याची साल-शिरा, कच्च्या शेंगा असले तंतूदार आणि गोळा होणारे पदार्थ बेताने. कागदांची एक फाईल करून दिली. तिच्यात सीटीचा रिपोर्ट, कॉन्ट्रास्टच्या एक्स-रेची नोंद आणि पहिल्या पानावर जुन्या तीन शस्त्रक्रियांची, आठवेल तशी, यादी होती.

दुसरी भरती

दिवाळीच्या आठवड्यात रात्री कळा आल्या. या वेळी घरात कुणी काही पाजले नाही. सहा तासांत ताई रुग्णालयात होत्या, फाईलसह.

सुरुवातीला चित्र मागच्यासारखेच होते. नळी, सलाइन, पोटॅशियम, कॉन्ट्रास्ट. पण २४ तासांच्या एक्स-रेत सगळे कॉन्ट्रास्ट फुगलेल्या लहान आतड्यातच साचून होते. त्याहून बोलका बदल ताईंच्या सांगण्यात झाला. आधी कळ यायची आणि जायची. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आता कळ नाही, सारखं दुखतंय. एकाच जागी." त्यांनी उजवीकडे खाली बोट ठेवले. नाडी ९६ वरून ११८ वर गेली होती. तिथे हात लावला की पोट आखडत होते.

इथे ७२ तासांचा आकडा धरून बसण्यात अर्थ नव्हता. तो आकडा रुग्ण स्थिर असेपर्यंतचाच. आम्ही रात्रीच पोट उघडायचे ठरवले.

दुर्बीण की उघडी शस्त्रक्रिया, हा पुढचा प्रश्न. दुर्बिणीने नवी जखम लहान होते आणि चिकटणेही कमी होते. स्कॉटलंडमधल्याच २०२० च्या एका मोठ्या पाहणीत, पाच वर्षांत थेट चिकटण्यामुळे पुन्हा भरती होण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेनंतर ४.३ टक्के होते. म्हणून मन दुर्बिणीकडे ओढत होते. पण ताईंचे पोट तीनदा उघडलेले होते, आतडे इतके फुगले होते की दुर्बिणीला जागाच उरली नव्हती, आणि आतड्याला रक्त पोचते आहे की नाही याची शंका होती. फुगलेल्या, पातळ झालेल्या आतड्याला दुर्बिणीच्या चिमट्याने धरणे म्हणजे ते फाडण्याची जोखीम. आतडे फाटून घाण पोटात सांडली, तर दुर्बिणीने जे वाचवायला गेलो तेच दुपटीने वाढले असते. आम्ही उघडी शस्त्रक्रिया निवडली आणि मुलाला दोन्ही बाजू सांगून सही घेतली.

शस्त्रक्रियेतले निर्णय

जुन्या व्रणावरून सरळ आत न शिरता त्याच्या वर, कधीच न उघडलेल्या जागेतून पोटात प्रवेश केला. व्रणाच्या खाली आतडे चिकटलेले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. तसेच निघाले. पोटातला चरबीचा पदर जुन्या उभ्या व्रणाच्या आतल्या बाजूला सपाट चिकटला होता. खाली, गर्भपिशवी काढलेल्या जागी, लहान आतड्याचे एक वळण घट्ट धरले गेले होते. तिथून निघालेली करंगळीएवढी जाड, पांढरट दोरी दुसऱ्या वळणावरून गेली होती आणि त्या दोरीखालचे आतडे काळपट जांभळे पडले होते.

दोरी कात्रीने कापली. बोटाने ओढून सोडवले तर आतड्याचे वरचे पापुद्रे निघतात आणि विजेच्या चटक्याने कापले तर शेजारचे आतडे भाजते, म्हणून आतड्याजवळ फक्त धारदार कात्री वापरली. सुटलेले आतडे कोमट सलाइनच्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवले. दहा मिनिटे थांबलो. घड्याळाकडे पाहत नुसते उभे राहणे त्या वेळी फार कठीण जाते. कापड उघडले तेव्हा रंग गुलाबी झाला होता, वळणातून हालचालीची लाट जाताना दिसली आणि आतड्याच्या मुळाशी रक्तवाहिन्या उडत होत्या. आतडे कापावे लागले नाही. एका ठिकाणी वरचा पापुद्रा फाटला होता, तो बारीक धाग्याने शिवला.

आता या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. वरच्या बाजूला आणखी दोन-तीन ठिकाणी आतड्याची वळणे एकमेकांना सैलसर चिकटलेली होती, पण त्यांतून वाट मोकळी होती. सहकारी म्हणाले, "पोट उघडलेच आहे तर हेही सोडवू या, पुन्हा कशाला?" मी नको म्हटले. जे अडवत होते ते सोडवून झाले होते. न अडवणारे सोडवले असते तर तितक्या नव्या जखमा झाल्या असत्या. याच्या उलट मत असणारे अनुभवी शल्यचिकित्सक आहेत. मुळापासून शेवटपर्यंत सगळे आतडे सोडवून पाहिल्याशिवाय दुसरा अडथळा सुटून राहू शकतो, असे त्यांचे म्हणणे असते आणि काही रुग्णांत ते खरेही ठरते. म्हणून आम्ही अडथळ्याच्या वर आणि खाली, न सोडवता जेवढे पाहता येईल तेवढे आतडे हाताखालून पाहून घेतले.

मग चिकटणे रोखणाऱ्या पदार्थांचा प्रश्न. हायलुरोनिक आम्ल आणि सेल्युलोजचा पातळ पडदा अमेरिकेत १९९६ पासून मान्य आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आतडे कापून जोडलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, चिकटण्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण या पडद्याने ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आले. तोच पडदा आतड्याच्या ताज्या जोडणीभोवती गुंडाळला तर मात्र गळती वाढते. सेल्युलोजची जाळी रक्त पूर्ण थांबलेले नसेल तर काम करत नाही. आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण पोटात सोडून वळणे काही दिवस तरंगती ठेवण्याचाही मार्ग आहे. त्या रात्री आमच्या ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, यांतले काहीच नव्हते आणि शहरातून मागवण्याइतका वेळही नव्हता. रक्त गोठू न देणारे हेपरिन, सूज कमी करणारी स्टेरॉइड अशी औषधे पोटात सोडून पाहण्याचे प्रयोग पूर्वी झाले आहेत, पण त्यांच्यावर विसंबण्याइतका पुरावा नाही, म्हणून तो विचार केला नाही.

मग हाती राहिले ते आपले हात. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच पावडर नसलेले हातमोजे काढून घेतले होते. हातमोज्यांवरच्या स्टार्चच्या कणांभोवती सूज येऊन चिकटणे वाढते. याच आणि अशा इतर कारणांनी अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घातली. आपल्याकडे ते अजून सर्रास दिसतात, आणि खरे तर हा बदल करायला कुठलेही महागडे यंत्र लागत नाही. आतड्याला कोरडे कापड लागू दिले नाही. दिव्यांच्या उष्णतेत उघडे आतडे सुकते, म्हणून ते सतत ओले आणि झाकलेले ठेवले. रक्ताचा थेंब न थेंब थांबवला, गुठळ्या धुऊन काढल्या. मोठे, आवळलेले टाके टाळले. गर्भपिशवीच्या जागी उघडी पडलेली जखम ओढून शिवली नाही, तशीच ठेवली. एलिस यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवले होते तेच. व्रणापासून सोडवलेला चरबीचा पदर पुन्हा खाली पसरून आतडी आणि टाक्यांची रेघ यांच्या मध्ये ठेवला. म्हणजे पुढे काही चिकटलेच तर आतड्याऐवजी तो पदर चिकटेल. पोट बंद करताना आतल्या अस्तराला वेगळे टाके घातले नाहीत.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी ताईंना उठवून बसवले, संध्याकाळी चार पावले चालवले. चालल्याने आतडी चिकटत नाहीत असे लोक समजतात. तसा ठोस पुरावा नाही. पण आतड्यांची हालचाल लवकर सुरू होते, पायात गुठळ्या होत नाहीत, छाती मोकळी राहते, एवढी कारणे पुरेशी आहेत. तिसऱ्या दिवशी वारा सरला, नळी काढली. पाचव्या दिवशी भात-वरण. जखमेच्या खालच्या टोकाशी थोडे पाणी झाले, ड्रेसिंगने भरून आले. नवव्या दिवशी घरी.

डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेची पूर्ण नोंद लिहिली आणि पेनाने पोटाची आकृती काढली. कुठे दोरी होती, कुठे आतडे शिवले, काय मुद्दाम न सोडवता ठेवले आणि पुढच्या वेळी पोट उघडायची वेळ आलीच तर कुठून आत शिरणे सुरक्षित. ही आकृती काढायला पाच मिनिटे लागतात. पुढच्या शल्यचिकित्सकाचा तास आणि रुग्णाचे आतडे दोन्ही त्याने वाचू शकतात.

वेगळे काय करता आले असते

आमच्याकडच्या निर्णयांपुरते बोलायचे तर, आज अशी रुग्ण आली तर दुसऱ्या भरतीत कॉन्ट्रास्टचा एक्स-रे २४ तासांऐवजी आठ-दहा तासांनीही एकदा काढून पाहावा असे वाटते. आधी एकदा अडलेल्या रुग्णात लवकर अंदाज आला तर ओटीची तयारी दिवसाउजेडी करता येते. दुसरे, चिकटणे रोखणारा एखादा पदार्थ अशा तातडीच्या रुग्णांसाठी रुग्णालयात ठेवायचा का, हा प्रश्न खर्चाचा आहे. आतडे न उघडलेल्या, कोरड्या पोटात तो वापरावा असे माझे मत आहे. पू किंवा घाण असलेल्या पोटात मला त्याबद्दल तेवढी खात्री वाटत नाही.

पण खरी संधी त्याच्या पुष्कळ आधी होती. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया टळण्यासारखी नव्हती, जीव वाचवायचा होता. ती आज झाली असती तर कदाचित दुर्बिणीतून झाली असती. कुटुंबनियोजनाची मात्र टळण्यासारखी होती. पुरुषाच्या नसबंदीत पोट उघडावेच लागत नाही. एकदा पोटात पू होऊन गेलेल्या बाईचे पोट पुन्हा उघडण्याऐवजी नवऱ्याची नसबंदी हा सरळ मार्ग होता. ताईंच्या यजमानांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला कुणी इचारलंच नाही." शिबिरात बायकांनाच बोलावले जाते, हे खरे आहे.

आणि गर्भपिशवी. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी गर्भाशयात बसवायची साधने आहेत, आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासता येतो. यांतले काही ताईंना देऊन पाहिल्याचे त्यांना आठवत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली आढळली. त्या चर्चेत कोवळे वय, हार्मोन, हाडे, मजुरीचा खाडा या गोष्टी आल्या आणि यायलाच हव्या होत्या. पण त्या प्रत्येक पोटात एक जखम आहे आणि त्यांतल्या काही जखमांपाशी पुढे आतडे चिकटणार आहे, हे त्या चर्चेत क्वचितच ऐकू आले. ओटीत मी कितीही जपून कात्री चालवली, तरी न झालेल्या शस्त्रक्रियेइतके चिकटणे मी रोखू शकत नाही.

ताईंच्या धाकट्या जावेला पुढच्याच वर्षी पिशवी काढायचा सल्ला मिळाला. ताईंनी तिला हाताला धरून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेले आणि दुसरे मत घेतले. अस्तराची तपासणी चांगली आली, औषधांवर रक्तस्राव आटोक्यात आहे, पिशवी जागेवर आहे.

सद्यःस्थिती

शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली. या काळात ताईंना एकदा कळा आल्या. त्या रात्रीच आल्या, नळी लागली नाही, सकाळी घरी गेल्या. ओढल्यासारखे अधूनमधून दुखते, विशेषतः वाकून खुरपताना. ते पूर्ण जाईल असे मी त्यांना कधीच सांगितलेले नाही. नव्या व्रणाच्या वरच्या टोकाला सुपारीएवढा हर्निया आला आहे. तो दुरुस्त करायचा तर जाळी बसवावी लागेल, आणि जाळी आतड्याच्या थेट संपर्कात आली तर तिलाही आतडे चिकटते. म्हणून ती स्नायूंच्या मागे, पण पोटाच्या पोकळीबाहेर बसवता येते का, ते सीटीवर पाहून ठेवले आहे. हर्निया अडकत नाही, दुखत नाही. तूर्त वजन पाच किलोने कमी करायचे, जड घागरी उचलायच्या नाहीत, आणि सुगी आटोपल्यावर पुन्हा दाखवायला यायचे, असे ठरले आहे.